तारेवरचं विमान डेकवर उतरवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी कोल्हापूर शहराबाहेरच्या माळावर आम्ही विमानं घेऊन गेलो की बघायला माणसं जमतात. त्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात. काही जण नंतर फोन करून तेच पुन्हा विचारतात. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

हे नेमकं काय आहे? रिमोटचं विमान का?

नाही. याला कंट्रोल लाइन म्हणतात. विमान दोन तारांनी तुमच्या हातातल्या हँडलला बांधलेलं असतं आणि तुमच्याभोवती गोल फिरतं. तारा डाव्या पंखातून आत जाऊन बेलक्रँक नावाच्या त्रिकोणी पट्टीला जोडलेल्या असतात. मनगट वर झुकवलं की एक तार ओढली जाते, बेलक्रँक फिरतो, त्याचा पुशरॉड शेपटीचा एलेव्हेटर, म्हणजे वर-खाली हलणारी आडवी पट्टी, हलवतो आणि विमान वर चढतं. मनगट खाली केलं की खाली. डावी-उजवीकडे वळवायचा प्रश्नच नसतो, कारण वर्तुळ तारांनीच ठरवलेलं असतं. अमेरिकेत जिम वॉकर यांनी १९४० च्या दशकात हा प्रकार घरोघरी पोचवला.

आम्ही उडवतो तो त्यातला खास प्रकार, विमानवाहू नौकेचा, म्हणजे कॅरिअर. विमान डेकवरून उठवायचं, आधी जमेल तितक्या वेगानं उडवायचं, मग जमेल तितकं हळू, आणि शेवटी शेपटीखालचा हुक दोरीत अडकवून त्याच डेकवर उतरवायचं.

गुण कसे देतात?

आम्ही अमेरिकेच्या अॅकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्सच्या नियमांना धरून चालतो. वेगाच्या सात फेऱ्या, मग संथ सात फेऱ्या, मग उतरणं. वेगाचे गुण वेगळे. संथ फेऱ्यांचे गुण मात्र दोन्ही वेगांच्या गुणोत्तरावर असतात, म्हणजे तुमचा जास्तीत जास्त वेग कमीत कमी वेगाच्या किती पट आहे ते बघतात. नीट उतरलात तर १०० पर्यंत गुण मिळतात.

तारा साठ फुटांच्याच का? आणि सातच फेऱ्या का?

साठ फूट त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ ३७७ फूट. सात फेऱ्यांचे होतात २,६३९ फूट. अर्धा मैल म्हणजे २,६४० फूट. स्टॉपवॉच घेऊन उभा असलेला माणूस अर्ध्या मैलाचा वेळ मोजत असतो, एवढं सोपं आहे. आपल्या मापात तारा १८.३ मीटर आणि अंतर साधारण ८०५ मीटर. सात फेऱ्या ३० सेकंदांत झाल्या तर वेग ताशी ९६ किलोमीटर. संथ फेऱ्यांना १०० सेकंद लागले तर ताशी २९. गुणोत्तर सव्वातीनच्या थोडं वर. सुरुवातीला एवढं जमलं तरी मी पाठ थोपटतो.

हळू उडवण्यात काय अवघड आहे? वेगाचं अवघड असणार ना?

हा प्रश्न सगळे विचारतात आणि मला याचंच उत्तर द्यायला सगळ्यात जास्त आवडतं.

तारा ताणलेल्या राहतात त्या विमान बाहेर पळू बघतं म्हणून. सव्वा किलोचं विमान ताशी १०० किलोमीटरनं फिरतं तेव्हा तुमच्या हाताला पाच-साडेपाच किलोची ओढ बसते. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. तेच विमान ताशी २५ वर आणलं की ओढ उरते जेमतेम तीनशे-साडेतीनशे ग्रॅमची. भाजीच्या छोट्या पिशवीएवढी. तेवढ्या ओढीवर अठरा मीटर तारांचा झोलही निघत नाही, आणि तारा सैल पडल्या की एलेव्हेटर तुमचं ऐकत नाही. विमान तुमच्या अंगावर येऊ शकतं.

दुसरं संकट प्रॉपेलरचं. प्रॉपेलर एका बाजूला फिरतो तेव्हा त्याची उलट पिळ विमानाला डावीकडे झुकवते. आपण घड्याळाच्या उलट दिशेनं उडवतो, म्हणजे डावा पंख आत, तुमच्या बाजूला. वेग असतो तेव्हा ही पिळ जाणवत नाही. संथ उडताना मात्र नाक वर, मोटर जोरात आणि पंखांवर वारा कमी असतो. अशा वेळी ती विमानाला आतच ढकलते.

म्हणून विमान मुद्दाम असं बांधतात की त्याचा कल कायम बाहेर राहील. उजव्या पंखाच्या टोकात पंचवीस-तीस ग्रॅम वजन घालायचं, रडर, म्हणजे शेपटीची उभी पट्टी, थोडा उजवीकडे वळवायचा. शिवाय तारा पंखातून जिथून बाहेर येतात ती जागा सरकणारी ठेवायची. वेगाच्या फेऱ्यांत ती पुढे असते. संथ फेऱ्या सुरू करताना खिटी सोडली की स्प्रिंगनं मागे सरकते आणि विमानाचं नाक वर्तुळाबाहेर वळतं. मग प्रॉपेलरची थोडी ओढही बाहेरच लागते आणि तारा ताठ राहतात.

असं सगळं जुळून आलं की विमान नाक वर करून जवळजवळ प्रॉपेलरला टांगल्यासारखं पुढे सरकतं. नियमानुसार नाक ६० अंशांहून वर न्यायचं नाही. एका फेरीला चौदा-पंधरा सेकंद लागतात. बघणारे गप्प होतात. तुमच्या बोटांना तारेची थरथर जाणवत असते आणि ती थरथर कमी झाली की डोळ्यांच्या आधी हाताला कळतं. वेगासाठी मोठी मोटर आणता येते, हे मात्र महिनोन्‌महिने उडवूनच हातात येतं.

पहिलं विमान कोणतं बांधू?

स्पर्धेत विमानाचं रूप खऱ्या विमानवाहू नौकेवरच्या विमानाशी जुळावं लागतं. तयार नकाशे बहुतेक अमेरिकन नाहीतर ब्रिटिश विमानांचे मिळतात. त्यातलं कोणतंही बांधलंत तरी चालेल. पण माझा आग्रह अलिझेचा आहे आणि त्याला कारण आहे.

आपली पहिली विमानवाहू नौका आयएनएस विक्रांत १९६१ साली नौदलात दाखल झाली. तिच्यावर दोन प्रकारची विमानं होती, सी हॉक आणि ब्रेगे अलिझे. सी हॉक जेट होतं, अलिझे एका प्रॉपेलरचं. पाणबुड्या शोधणं हे त्याचं काम. १९७१ च्या डिसेंबरात चितगाव आणि कॉक्स बाजारकडे विक्रांतवरून जी विमानं झेपावली त्यांत दोन्ही होती. म्हणजे एक प्रॉपेलर, हुक, डेक आणि आपल्या विमानांवरचा तिरंगी गोल, हे सगळं एकाच विमानात हवं असेल तर ते अलिझेच.

बांधणीच्या दृष्टीनंही ते सोयीचं आहे. खऱ्या अलिझेचा पंख १५.६ मीटर, लांबी १३.८६ मीटर. पंधरापट लहान केलं तर पंख १०४ सेंटिमीटर आणि लांबी ९२ सेंटिमीटर येते, आपल्याला हवी तशीच. चाकं पंखांच्या पुढे आलेल्या दोन फुगवट्यांत असतात, त्यामुळे मॉडेलमध्ये चाकाचा दांडा तिथे भक्कम बसवता येतो. चाकं एकमेकांपासून लांब असल्यानं डेकवर विमान कलंडत नाही.

खरं अलिझे बघायचं असेल तर गोव्यात दाबोळीजवळ बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात आहे. आंबोलीमार्गे गेलात तर एका दिवसात जाऊन येता येतं. जाताना मोजपट्टी नको, पण मोबाईलमध्ये जागा ठेवा. मी हुकाचे, चाकांच्या दांड्यांचे आणि पंखाच्या घडीचे फोटो काढले. शेपटीजवळचा हुक बघताना तिथेच उकिडवा बसलो होतो. इतक्या पातळ वस्तूच्या भरवशावर माणसं भर समुद्रात जहाजावर उतरत होती, हे फोटोवरून कळत नाही.

मिग-२९के किंवा सी हॅरिअर यांसारखं नौदलाचं जेट का नाही?

उडवता येईल, पण संथ फेऱ्यांत फसाल. प्रॉपेलरचा झोत शेपटीवरून जातो म्हणून वेग नसतानाही एलेव्हेटर काम करतो. जेटच्या मॉडेलमधल्या डक्टेड फॅनचा, म्हणजे नळीत बसवलेल्या पंख्याचा, झोत शेपटीला तसा मिळत नाही.

सामान कोल्हापुरात मिळतं का?

अर्धं मिळतं, अर्धं मागवावं लागतं.

बाल्सा, बेलक्रँक, पियानो वायर, मोटर, प्रॉपेलर हे कुरिअरनं येतं. बाल्सा महाग आहे, म्हणून पहिल्या विमानाचं धड मी सरळ तीन थर चिकटवलेल्या फळीचं करायला सांगतो: मधे बाल्सा, नाकाच्या भागात दोन्ही बाजूंनी ३ मिलिमीटर प्लाय. अशा सपाट धडाच्या विमानाला प्रोफाइल म्हणतात. दिसायला बाजूनंच खरं वाटतं, पण पडलं तर संध्याकाळी दुरुस्त होतं. पंखासाठी फोम गरम तारेनं कापला तरी चालतो.

प्लाय, फेव्हिकॉल, इपॉक्सी, सँडपेपर, स्क्रू यांसाठी लक्ष्मीपुरीत एक चक्कर पुरते.

आणि लेथ-वर्कशॉपचं उद्यमनगर आहे! याबाबतीत आपण नशीबवान आहोत. इतर गावांतले लोक तयार हँडल परदेशातून मागवतात. मी माझं हँडल आणि तीन तारांचा बेलक्रँक (तिसरी तार इंजिनसाठी, ती पुढे येईलच) घेऊन शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बेलक्रँक बोटांत धरून दोनदा फिरवला. म्हणाले, "दोऱ्यांचं विमान म्हंजे पतंगच की ओ." मग भिंगातून भोकं बघितली. "ही भोकं अशीच ठेवली तर तार कापतंय बघा. काठ मारून देतो." आणि अॅल्युमिनियमच्या पट्टीच्या प्रत्येक भोकाचा काठ त्यांनी गोल करून दिला. मला नकाशात हे कुठे दिसलं नव्हतं. त्यानंतर माझी एकही तार भोकाशी झिजलेली नाही.

बेलक्रँक बसवताना काय सांभाळायचं?

संपूर्ण विमानाची ओढ त्या एका बोल्टवर असते, त्यामुळे त्याचं लाकूड फक्त चिकटवलेलं चालत नाही. प्लायची पट्टी पंखाच्या मुख्य दांड्याला वरून आणि खालून जखडायची, बोल्टला नायलॉकचा नट लावायचा.

गुरुत्वमध्य नकाशात दाखवलाय तिथेच, किंवा किंचित पुढे आला पाहिजे. शेपूट जड झालेलं विमान संथ फेऱ्या करूच देत नाही. तारा पंखातून बाहेर येण्याची जागा गुरुत्वमध्याच्या थोडी मागे हवी.

पहिल्या उड्डाणाआधी हँडल हातात घेऊन कुणाला तरी विमान धरायला सांगा. मनगट वर, एलेव्हेटर वर. हे मोठ्यानं बोलून तपासा. तारा उलट जोडल्या गेल्या तर विमान पहिल्याच पावलाला जमिनीत जातं.

इंजिन घेऊ की मोटर?

तुमच्या घरात शाळेतली मुलं असतील तर मोटर.

ग्लो इंजिन, म्हणजे मॉडेलच्या छोट्या इंधनावरच्या इंजिनाचा आवाज आणि वास मला आवडतो, एरंडेल तेलाचा तो जळका वास अंगरख्याला दोन दिवस येत राहतो. पण त्याचं इंधन मिथेनॉलचं असतं. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. इंजिनवर आलातच तर बंद डब्यातलं तयार इंधन घ्या, घरी मिसळत बसू नका. प्रोफाइल गटात ०.३६ घनइंचाचं, म्हणजे ६ सीसीच्या आसपासचं इंजिन चालतं. ते थ्रॉटलवालं, म्हणजे ताकद कमी-जास्त करता येणारं असावं.

इंजिनला थ्रॉटल कमी-जास्त करायला तिसरी तार लागते. हँडलवरच्या घोड्यानं (बंदुकीच्या घोड्यासारख्या खटक्यानं) ती ओढायची. थ्रॉटल अगदी मागे गेला की हुकाची खिटी सुटेल, असंही त्याच तारेला जोडता येतं. तीन तारा सांभाळणं नवख्याला जड जातं. मोटर असेल तर थ्रॉटल आणि हुक २.४ गिगाहर्ट्झच्या छोट्या रिसीव्हरवर देता येतात आणि हातात दोनच तारा राहतात. उजव्या हातात हँडल, डाव्या हातात थ्रॉटल. माझ्या अलिझेत चार सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी आहे. ती रात्री चार्जिंगला लावून झोपायचं नाही, फुगलेली दिसली तर वापरायची नाही.

डेक कुठून आणता? इतका मोठा?

नियमातला डेक ४४ फूट लांब आणि ८ फूट रुंद असतो. आकडा ऐकून लोक मागे सरतात. पण जरा बघा: प्लायचा शीट ८ फूट बाय ४ फुटांचा असतो. ११ शीट शेजारी शेजारी ठेवले की बरोबर ४४ बाय ८. आम्ही सेंट्रिंगचे शीट दिवसाच्या भाड्यानं आणतो. रविवारी कामं बंद असतात तेव्हा मिळतात, सिमेंटचे पोपडे आधी खरवडून घ्यायचे.

डेक सरळ मांडायचा नाही. विमान वर्तुळात धावतं, म्हणून डेकही त्याच वर्तुळाच्या चापासारखा हवा. मधे खुंटी ठोकायची, तिला ५६ फुटांची दोरी बांधायची आणि दोरीच्या टोकानं आखलेल्या रेषेवर सगळ्या शीटच्या आतल्या कडा एकमेकींना टेकवून ठेवायच्या. बाहेरच्या कडेला दर दोन शीटमध्ये अर्ध्या फुटाहून थोडी जास्त अशी पाचरीच्या आकाराची फट पडते. तिथे प्लायचे तुकडे ठोकायचे, नाहीतर चाक नेमकं तिथेच अडकतं.

उतरायच्या अर्ध्या भागात आडव्या दोऱ्या बांधायच्या, प्रत्येक दोरीच्या दोन्ही टोकांना वाळूची छोटी पिशवी. दोरी डेकपासून थोडी वर राहावी म्हणून कडेला बारीक पट्टी ठोकतो. हुक दोरीत अडकला की विमान पिशव्या ओढत जातं आणि थांबतं.

हा काही मॉडेलवाल्यांनी काढलेला स्वस्त उपाय नव्हे. १८ जानेवारी १९११ रोजी यूजीन एली यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात यूएसएस पेनसिल्व्हेनिया या युद्धनौकेवर बांधलेल्या लाकडी डेकवर विमान उतरवलं, जहाजावर उतरलेलं ते पहिलं विमान. तेही आडव्या दोऱ्या आणि त्यांना बांधलेल्या वाळूच्या पिशव्यांनीच थांबवलं होतं. आमच्या पोरांना पिशव्या भरताना मी हे दर वेळी सांगतो.

तारा कोणत्या? मासेमारीची दोरी चालेल का?

नाही. अनेक पदरी स्टेनलेस स्टीलची तारच वापरा. आमच्या वजनाच्या विमानाला ०.०१५ ते ०.०१८ इंच जाडीची. टोकाला वळसा घालून तांब्याच्या बारीक तारेनं घट्ट गुंडाळायची.

एक प्रसंग सांगतो. दोन वर्षांपूर्वी उड्डाणानंतर घाईत तारा गुंडाळल्या आणि एका तारेला बारीक मुरड पडली. पुढच्या रविवारी ती बोटांनी सरळ केली आणि उडवलं. पाचव्या फेरीला, पूर्ण वेगात, तार त्याच जागी तुटली. विमान शेजारच्या उसात घुसलं. त्या दिशेला कुणी नव्हतं म्हणून मी आज हे लिहू शकतोय. तेव्हापासून मुरड पडलेली तार मी सरळ करत नाही, कापून टाकतो.

आणि ओढ-चाचणी चुकवत नाही. प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा हँडलला अडकवायचा, एकानं विमान बेलक्रँकजवळ धरायचं आणि दुसऱ्यानं ओढायचं. उड्डाणात पाच-साडेपाच किलो येतात, मी २० किलोपर्यंत ओढतो. दर रविवारी, पहिल्या उड्डाणाआधी. हँडलचा पट्टा मनगटात अडकवल्याशिवाय विमान सोडायचं नाही.

गोल फिरून चक्कर येत नाही का?

पहिले दोन-तीन रविवार येते. नजर विमानावरच ठेवा, जमिनीकडे बघू नका. पाय जागच्या जागी छोटे टाकत फिरा.

कुठे उडवावं? कधी?

साधारण ६० मीटर बाय ६० मीटर मोकळी जागा हवी. शाळेचं मैदान, गायरान, माळ काहीही चालतं. परवानगी विचारून घ्या, लोक सहसा नाही म्हणत नाहीत. ऊस तुटलेलं रान लांबून मोकळं दिसतं, पण त्यातले बुडखे चाकाचे दांडे उपटून काढतात. रंकाळ्याच्या काठी किंवा जिथे माणसं फिरायला येतात तिथे अजिबात नको.

विजेच्या तारांजवळ कधीही उडवू नका. तुमच्या हातात अठरा मीटर लांबीची स्टीलची तार असते. ती विजेच्या वाहिनीला लागली तर जीव जातो. वाहिनी ७५ मीटरच्या आत दिसली की आम्ही डबे उघडतच नाही. उसाच्या रानांतून गेलेल्या पंपांच्या लाइनी झाडांमागे लपलेल्या असतात, म्हणून आधी चालत एक फेरी मारायची. लांबवर गडगडलं तरी तारा गुंडाळायच्या. चैत्र-वैशाखात दुपारनंतर वळीव कधी येईल सांगता येत नाही.

सगळ्यात छान दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी सात ते नऊ. वारा पडलेला असतो. संथ फेऱ्यांत विमानाचा वेगच ताशी २५-३० असतो, त्यात १५ चा वारा आला तर एका बाजूला ते जवळजवळ जागीच उभं राहतं आणि दुसऱ्या बाजूला पळत सुटतं.

विमानतळ जवळ आहे, चालतं का?

विमानतळ उजळाईवाडीला आहे, त्या बाजूला जाऊच नका. विमान तारेला बांधलेलं असलं तरी तिथे उडवायचं नाही.

मुलांनी कोणत्या वयात सुरू करावं?

दहा-अकरा वर्षांचं मूल छोटं, मंद, फोमचं विमान मोठ्यांच्या हाताखाली उडवू शकतं. कॅरिअर त्यानंतर. एनसीसीच्या हवाई विभागात कंट्रोल लाइन शिकवतात, तिथून आलेली मुलं लवकर पुढे जातात.

डेकवर उतरायची सुरुवात कशी करू?

आधी डेक विसरा. पहिली दहा-बारा उड्डाणं जमिनीवरून उठून जमिनीवर उतरायची, डोक्याच्या उंचीवर सरळ उडवायचं. मग थ्रॉटल थोडा थोडा कमी करत नाक वर धरायला शिका, उंचावर, चुकलं तर सावरायला जागा ठेवून. तारा सैल वाटल्या तर दोन पावलं मागे सरा आणि थ्रॉटल वाढवा. त्या वेळी एलेव्हेटर जोरात ओढायचा मोह होतो, तो आवरा.

नंतर डेकच्या जागी जमिनीवर चुन्याच्या दोन रेघा मारा आणि त्यांच्या मधे चाकं टेकवायचा सराव करा. दहातल्या सात वेळा जमायला लागलं की मग शीट भाड्यानं आणा.

उतरताना विमान डेकच्या मागच्या टोकाला येईपर्यंत नाक वरच ठेवायचं आणि उतार थ्रॉटलनं सांभाळायचा. डेक पाठीमागून फिरून समोर येतो तेव्हा अलिझेचा हुक खाली लोंबताना स्पष्ट दिसतो. चाकं टेकली आणि दोरी लागली तर विमानाला हिसका बसतो आणि वाळूच्या पिशव्या प्लायवर खरखरत सरकतात. नाही लागली तर थांबू नका. थ्रॉटल पूर्ण पुढे, मनगट किंचित वर, आणि पुढची फेरी. बॅटरीत तीन प्रयत्नांपुरता दम राखूनच संथ फेऱ्या संपवायच्या.